प्रवेश समिती (ठाणे–नवी मुंबई)

महाविद्यालयात कुणाला कोणत्या प्रवर्गातून प्रवेश द्यायचा आणि कागद अपुरे असतील तर किती दिवस थांबायचे, हे पाहणारी प्राध्यापकांची समिती. प्राचार्य अध्यक्ष, दोन-चार विभागप्रमुख, मागासवर्गीय शिक्षकांपैकी एखादा आणि कार्यालय अधीक्षक अशी तिची साधारण घडण. बारावीच्या निकालाबरोबर ती जागी होते आणि पावसाळा सरता सरता पुन्हा झोपी जाते.

ठाणे आणि नवी मुंबईतली बहुतेक पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. कला, वाणिज्य, विज्ञान यांसाठी विद्यापीठाच्या पोर्टलवर नावनोंदणी होते, विद्यापीठ वेळापत्रक लावून देते आणि गुणवत्ता यादी प्रत्येक महाविद्यालय आपली आपण लावते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र वगैरेंच्या बहुतांश जागा राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या केंद्रीभूत फेऱ्यांतून भरतात. तिथे महाविद्यालयातल्या समितीला निवडीत फारसा हात नसतो, कागद तपासण्याचेच काम अधिक. समितीचा खरा संसार पाहायचा तर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या खिडकीवर पाहावा.

विद्यार्थ्यांच्या सामाजिक वैविध्याचे धोरण ही समिती ठरवत नाही. ते संविधान, राज्याचे कायदे आणि न्यायालये ठरवतात. याउलट अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेशाच्या अटी प्राध्यापकांची अकॅडेमिक सिनेट ठरवते आणि त्यासाठी तिचे खास मंडळ आहे. तिथे १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २०९ ने वंशाचा विचार करायला बंदी घातल्यावर, वैविध्य दुसऱ्या कोणत्या वाटेने टिकवायचे यावर प्राध्यापकांना वर्षानुवर्षे खल करावा लागला. आपल्याकडे टक्केवारी आधीच छापून आलेली असते : अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमाती मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २, इतर मागासवर्ग १९. हे झाले ५२. त्यावर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ च्या कायद्याने आलेले मराठा समाजाचे १०. या शेवटच्या दहांना उच्च न्यायालयात आव्हान मिळालेले आहे.

मग प्राध्यापकांच्या हाती उरते काय? दिवस आणि कागद. वरवर क्षुल्लक वाटते, पण कोण आत येतो आणि कोण दारातून परत जातो हे पुष्कळदा इथेच ठरते.

पहिली गोष्ट यादी लावण्याची. खुला प्रवर्ग म्हणजे ‘उरलेल्यांचा’ प्रवर्ग नव्हे. खुल्या यादीत सगळ्यांनाच गुणांनुसार धरायचे असते. ओबीसी मुलगी खुल्या गुणरेषेच्या वर असेल तर ती खुल्यात बसते आणि तिच्या प्रवर्गातली जागा दुसऱ्याला मोकळी होते. १२० जागांच्या तुकडीला नुसती टक्केवारी लावली तर अनुसूचित जमातीच्या वाट्याला आठेक जागा येतात आणि भटक्या जमाती (ड) गटाला दोन. दोनच जागा असताना एक नाव चुकीच्या यादीत पडले, तर त्या गटाचे निम्मे आरक्षण त्या वर्षापुरते गेले. म्हणून जाणती समिती यादी फलकावर लावण्याआधी ती दुसऱ्या माणसाकडून एकदा वाचून घेते.

दुसरी गोष्ट दाखल्यावरच्या एका शब्दाची. या जिल्ह्यात ‘कोळी’ हा शब्द फार सांभाळून वाचावा लागतो. खाडीकाठचे मासेमारी करणारे कोळी विशेष मागास प्रवर्गात येतात, तर शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागातले महादेव कोळी अनुसूचित जमातीत. मल्हार कोळीही जमातीतच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गुरुजींनी कधीकाळी नुसते ‘हिंदू कोळी’ लिहिले असेल तर महादेव कोळी मुलाचे सगळे अडते. खिडकीवरच्या कारकुनाला तो शब्द दिसतो, घराण्याचा इतिहास दिसत नाही. जमातीचे दावे तपासणारी कोकण विभागाची समिती ठाण्यातच आहे, पण तिथली फाइल प्रवेशाच्या वेळापत्रकाने चालत नाही. चालीरीती, देवदैवते जमातीशी जुळतात का हे पाहणारी आप्तभाव चाचणी हीच एकमेव कसोटी मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले. तो निकाल ठाकूर जमातीच्या संघटनेच्या याचिकेवरचा होता आणि ठाकूरही याच डोंगरपट्ट्यातले. आगरी समाजाचे तसे नाही. तो इतर मागासवर्गात आहे, त्यामुळे नवी मुंबईच्या मूळ गावांतल्या मुलांचे घोडे बहुधा नॉन-क्रिमीलेयरपाशी, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही अशा दाखल्यापाशी अडते. तो दाखला ३१ मार्चला संपतो, बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि मग सगळा गाव एकाच आठवड्यात सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो.

दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती दाखवून, हमीपत्र लिहून देऊन तात्पुरता प्रवेश देता येतो का, हा या समित्यांपुढचा दरवर्षीचा प्रश्न. परिपत्रकात वाव असेल तिथे मुदत द्यावी. सकाळी साडेपाचला दूरच्या खर्डीहून लोकल पकडून आलेल्या मुलाला ‘उद्या मूळ प्रत घेऊन ये’ सांगणे आणि ठाण्यातल्याच घोडबंदर रोडवरून आलेल्या मुलाला तेच सांगणे, यात फरक आहे. नियमाला तो दिसत नाही, माणसांना दिसायला हरकत नसावी.

तिसरा पेच या शहरांच्या जन्मातलाच आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, नवी मुंबई वसली आणि देशभरातून माणसे आली. जातीचे आरक्षण मात्र स्थलांतराबरोबर प्रवास करत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या ठरवून दिलेल्या (मानीव) दिनांकांना कुटुंब महाराष्ट्रात राहत होते असा पुरावा लागतो. आंध्रातून नोकरीनिमित्त मुंबईत आलेल्या कुटुंबातल्या जमातीच्या विद्यार्थ्याने शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाविरुद्ध दाद मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये त्याला महाराष्ट्रातल्या राखीव जागेचा हक्क नाकारला. त्यामुळे ऐरोलीत जन्मलेली, इथल्याच शाळेत मराठी शिकलेली, पण आजोबा बिहारचे असलेली दलित मुलगी खिडकीवर खुल्या प्रवर्गात मोजली जाते. समितीला यात काहीही करता येत नाही आणि तिच्या वडिलांना ते समजावून सांगण्याचे काम मात्र समितीच्याच वाट्याला येते.

अल्पसंख्याक महाविद्यालयांचा हिशेब वेगळा. संविधानाच्या १५(५) कलमाने त्यांना मागासवर्गीय आरक्षणातून वगळले आहे. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्याच्या पातळीवर ठरवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा टी. एम. ए. पै खटल्यातला २००२ चा निकाल, त्यामुळे गुजराती, सिंधी, तमिळच नव्हे, हिंदीभाषकही महाराष्ट्रात अल्पसंख्याक ठरतात. एकाच उपनगरात एका महाविद्यालयाची यादी प्रवर्गांची आणि समोरच्याची मातृभाषेची, असे चित्र म्हणूनच दिसते.

तिसऱ्या यादीनंतर राखीव जागा रिकाम्या राहिल्या, तर त्या ठरलेल्या क्रमाने आधी इतर राखीव प्रवर्गांकडे आणि शेवटी खुल्याकडे वळवल्या जातात. ही जागा का रिकामी राहिली, अर्जच आला नाही की आलेला अर्ज कागदाअभावी परत गेला, याची नोंद ठेवणारे रजिस्टर ठेवायला कुठलाही नियम मनाई करत नाही. ज्या समित्या ते ठेवतात त्यांना पुढच्या मे महिन्यात जातीच्या दाखल्याचे शिबिर कोणत्या गावच्या शाळेत घ्यायचे, हे विचारत बसावे लागत नाही.