पायरीत शिरणे वेगळे, भिंतीपार जाणे वेगळे

जळगाव-धुळ्याकडे बी.एस्सी.ला क्वांटम यांत्रिकी शिकणारी मुले विभवाची पायरी आणि विभवाची भिंत यांची उत्तरे हमखास एकमेकांत मिसळतात. त्याला कारणही आहे: कणाची ऊर्जा अडथळ्याच्या उंचीपेक्षा कमी असली, तरी दोन्ही ठिकाणी तरंगफलन (कण कोठे सापडण्याची किती शक्यता आहे, हे ज्यावरून कळते ते गणिती फलन) अडथळ्याच्या आत एकदम शून्य होत नाही.

पायरीवर स्थितिज ऊर्जा एका जागी चढते आणि पुढे तेवढीच राहते. भिंतीत ती ठरावीक जाडीनंतर पुन्हा उतरते. पायरीत इलेक्ट्रॉन शिरतो खरा, पण परावर्तन शंभर टक्केच होते. ऊर्जा १ इलेक्ट्रॉन व्होल्टने (हे ऊर्जेचे एकक) कमी पडत असेल, तर तो आत सापडण्याची संभाव्यता दर ०.१ नॅनोमीटरला सुमारे २.८ पटींनी घटते आणि पुढे जाणारा निव्वळ प्रवाह शून्य असतो. आत सापडला म्हणजे पार गेला, असे येथे म्हणताच येत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या पाटाचे पाणी रुंद बांधात मुरते, पण पलीकडच्या शेतात उतरत नाही, तसेच काहीसे. मात्र पाणी बांधातच राहते, इलेक्ट्रॉन परत फिरतो.

भिंतीला मागची कडाही असते, आणि तेथेही तरंगफलन व त्याचा उतार जुळावा लागतो. त्यामुळे आत घटणाऱ्या पदाबरोबर एक अगदी लहान, वाढणारे पदही उरते आणि या दोन पदांतील कलांतरामुळे (तरंगाच्या टप्प्यांतील फरकामुळे) प्रवाह शून्य राहत नाही. यालाच टनेलिंग म्हणतात. भिंत २ आणि इलेक्ट्रॉन १ इलेक्ट्रॉन व्होल्टचा घेतला, तर १ नॅनोमीटर जाडीतून दहा हजारांत एखाद-दुसराच पार जातो. जाडी दुप्पट केली की अब्जात जेमतेम पाच. पार गेलेल्याची ऊर्जा मात्र तसूभरही घटत नाही. घटते ती संभाव्यता. जाडीबाबतच्या या हळवेपणावरच बिनिग आणि रोरर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक उभा केला.

ऊर्जा अडथळ्यापेक्षा जास्त असली, तरी फरक मिटत नाही. १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पायरीवरून २ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांपैकी सुमारे ३ टक्के परततातच. भिंतीची जाडी आतल्या अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल, तर एकही परतत नाही.