घोडा ठणठणीत, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?
(तबेलेमालक, रायडिंग क्लब आणि स्टड फार्मच्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्या लॅबमध्ये हल्ली एक फोन हमखास येतो. "अहो, घोडा चंदी चाटून पुसून खातोय, सकाळी फेऱ्या मारतोय आणि तुम्ही एमआरएसए पॉझिटिव्ह लिहून पाठवलंत! नमुना बदलला का?" नमुना बदललेला नसतो. पण हे फोनवर पाच मिनिटांत पटवणं अवघड जातं, म्हणून हे पत्रक.

आधी जिवाला शांत करणारी गोष्ट. असा घोडा आजारी नसतो, तो वाहक असतो, म्हणजे जिवाणू नुसता अंगावर बाळगतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू माणसाच्या आणि घोड्याच्या नाकपुडीत निमूटपणे राहू शकतो. त्याचीच एक जात पेनिसिलिनच्या जवळजवळ सगळ्या खानदानाला दाद देत नाही, ती एमआरएसए. तिची पहिली नोंद १९६१ सालची, ब्रिटनमधली आणि माणसांमधली. घोड्यांपर्यंत ती नंतर पोचली, आणि पुष्कळदा माणसांच्याच हातून. म्हणजे दोष घोड्याच्या माथी मारायचं कारण नाही.

दुसरा पाहुणा लिदीत सापडतो, तो ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू. त्यातल्या काहींजवळ ईएसबीएल नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पेनिसिलिनच काय, सेफ्टिओफरसारखी पुढच्या पिढीची औषधंही ते मोडून टाकतं. ब्रिटनमध्ये सुमारे ६५० घोडे तपासले तेव्हा ७० टक्क्यांच्या आसपास घोड्यांच्या लिदीत निदान एका औषधाला न जुमानणारे ई. कोलाय निघाले. ईएसबीएलवाले ६ टक्क्यांच्या घरात, आणि नाकातलं एमआरएसए १ टक्क्याहूनही कमी. हे आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्या तबेल्याला लावू नका. पण धडधाकट घोड्यातही असे जिवाणू असतात, एवढं त्यातून नक्की कळतं.

हे येतं कुठून?

घोड्याचं मोठं आतडं म्हणजे गवत आंबवायचं भलंमोठं पिंप. त्यात कोट्यवधी जिवाणू नांदतात, त्यांच्याच जिवावर तो कडब्यातून ताकद काढतो. अँटिबायोटिक दिलं की त्यातले नाजूक मरतात, चिवट उरतात आणि रिकाम्या जागी पसरतात. शिवाय औषधाला दाद न देण्याची युक्ती एक जिवाणू दुसऱ्याला देऊन टाकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा.

यात अर्धवट डोसचा वाटा मोठा. हिशोब बघा. प्रोकेन पेनिसिलिनचा घोड्यासाठीचा नेहमीचा डोस किलोमागे २२,००० युनिट, तोही दिवसातून दोनदा. ४०० किलोच्या घोड्याला एका वेळी ८८ लाख युनिट झाले. आणि आम्ही काय बघतो? ४० लाखांची एक कुपी, दिवसातून एकदा, दोन दिवस. सूज उतरली की बंद. हा हिशोब वाचून स्वतः सुई भरायला मात्र घेऊ नका. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. खोगिराचा घाव, साधी खरचटण, नालबंदाकडून झालेली बारीक इजा यांना बहुतेक वेळा सुईच लागत नाही. स्वच्छ मिठाचं पाणी, माश्यांपासून बचाव आणि घाव भरेपर्यंत खोगीर खुंटीवर, एवढं पुरतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

औषध मागू नका. हे आम्ही ठळक सांगतो, कारण पहिली मागणी तीच असते. नुसत्या वाहक घोड्याला अँटिबायोटिक देऊन जिवाणू हटेलच असं नाही. उलट उरलेसुरले साधे जिवाणू जातात आणि जुलाबाचा धोका वाढतो. घोड्यात अँटिबायोटिकने लागलेले जुलाब जिवावर बेतू शकतात. बाहेरून पुन्हा लागण झाली नाही, तर बऱ्याच घोड्यांच्या नाकातलं एमआरएसए काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जातं.

तेवढा काळ त्या घोड्याची बादली, तोबरा, मोहरकी आणि खरारा वेगळा ठेवा. त्याचं काम सगळ्यांत शेवटी करा. खरी गडबड होते ती ओल्या स्पंजमुळे. एका तबेल्यात आम्ही स्वतः पाहिलं, मोतद्दाराने एकाच स्पंजने ओळीने सात घोड्यांची नाकं पुसली, मायेने, आणि स्पंज पुन्हा त्याच बादलीत. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. साबणाने हात धुवायची सोय तबेल्याच्या दारातच करा. नळ पन्नास पावलं लांब असला तर कोणी जात नाही.

घोड्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर हा रिपोर्ट डॉक्टरांना आधी दाखवा, लपवू नका. वाहक घोड्याला टाक्यांच्या जागी संसर्ग व्हायची शक्यता जास्त असते. आधी कळलं तर दवाखाना त्याला वेगळं ठेवतो आणि औषधही विचार करून निवडतो.

माणसांचं काय?

२००६ साली अमेरिकेत घोड्यांच्या डॉक्टरांच्या एका परिषदेत जमलेल्यांचीच नाकं तपासली, तर सुमारे १० टक्के एमआरएसएचे वाहक निघाले. घोड्यांत वावरणाऱ्यांना हे लागू शकतं, पण म्हणून मुलांची रायडिंग बंद करायची गरज नाही. हातावर जखम असेल तर पट्टी लावा, नाकाला नाक लावून लाड करणं थोडे दिवस थांबवा, गूळ भरवल्यावर हात धुवा. घरात कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना घोड्याबद्दल जरूर सांगा.

तपासणी कधी करावी, कशी होते

आमचा धंदा तपासणीचा आहे, तरी सांगतो: उगाच सगळ्या तबेल्याची तपासणी करून घेऊ नका. जखम भरत नसेल, मोठं ऑपरेशन असेल किंवा एकाच तबेल्यात लागोपाठ घाव पिकत असतील, तर पैसे खर्च करा.

नाकाचा नमुना घेताना काडी साधारण १० सेंटिमीटर आत जाते, घोडा फुरफुरतो, एवढंच. लॅबमध्ये आम्ही तो जिवाणू प्लेटवर वाढवून वर औषध मुरवलेल्या कागदी टिकल्या ठेवतो. औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो, न चाललं तर वाढ टिकलीला भिडते. सेफॉक्सिटिन या औषधाच्या टिकलीभोवतीचा गोल २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान भरला की आम्ही एमआरएसए धरतो. रिपोर्टमधलं ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. मात्र ‘एस’ची लांबलचक यादी ही औषधांच्या दुकानात दाखवायची यादी नव्हे. आणि एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे घोडा सुटला असंही नाही. काडीला जिवाणू कधी लागतो, कधी नाही, म्हणून आम्ही पुन्हा नमुना मागतो.

काडी आम्ही दिलेल्या नळीतच ठेवा, सोबत बर्फाची पिशवी द्या आणि आधी कोणती सुई किती दिवस दिली ते चिठ्ठीवर खरं लिहा. शनिवारी दुपारनंतर नमुना पाठवू नका, रविवारी प्लेट वाचायला लॅबमध्ये कोणी नसतं.