मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू: अमेरिकेचा नकाशा कसा उलटला

अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाने १९७० मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २९.२ मृत्यू होत. २०२० मध्ये हाच दर १२.६ वर आला. पन्नास वर्षांत निम्म्याहून अधिक घट, हे मोठेच यश आहे. पण देशाची सरासरी पाहून थांबले की त्यामागची उलथापालथ दिसत नाही. पूर्वी ज्या भागात या आजाराने सर्वाधिक माणसे जात, तो ईशान्येचा पट्टा आज कमी मृत्युदराच्या भागांत मोडतो. आणि मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात, जिथे हा आजार एके काळी देशाच्या मानाने कमी होता, तिथे आज मृत्युदर सर्वांत वर गेलेला आहे.

जुना नकाशा आपल्याकडे आहे तो १९७५ मुळे. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९५० ते १९६९ या काळातले कर्करोगाचे मृत्यू काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) मांडून नकाशांचा संग्रह काढला. त्यात आतड्याच्या कर्करोगाचा गडद पट्टा न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क, न्यू जर्सी असा खाली येऊन पुढे ग्रेट लेक्सच्या काठच्या औद्योगिक शहरांकडे जात होता. दक्षिणेची राज्ये फिकट होती. श्रीमंत, शहरी, मांसाहार भरपूर आणि कष्टाची कामे कमी अशा समाजाचा हा आजार, अशी समजूत तेव्हा होती आणि नकाशाही तिला दुजोरा देत होता. याला काही अपवाद होते. पूर्व नेब्रास्कातल्या काही ग्रामीण काउंट्यांत दर अनपेक्षितपणे जास्त निघाले, तेव्हा संस्थेचे संशोधक तिथे गेले. तिथे चेक वंशाच्या शेतकरी कुटुंबांची दाट वस्ती होती आणि वाढीव धोका मुख्यतः त्यांच्यातच आढळला. हा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. खानपान, वंश आणि वस्ती एकमेकांत किती गुंतलेली असतात, ते त्यातून पुढे आले.

असे नकाशे वाचताना काही खाचाखोचा ठाऊक असाव्या लागतात, नाहीतर निष्कर्ष भलतीकडे जातो. पहिली गोष्ट वयाची. हा आजार मुख्यतः पन्नाशीनंतरचा. त्यामुळे निवृत्त माणसांनी भरलेल्या फ्लोरिडाची तुलना तरुण लोकसंख्येच्या युटाशी थेट केली, तर फ्लोरिडा नाहक बदनाम होतो. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढून तो एका ठरावीक लोकसंख्येच्या रचनेवर बसवतात. अमेरिकेत त्यासाठी २००० सालची लोकसंख्या धरतात. दुसरी गोष्ट लहान आकड्यांची. चार-पाच हजार वस्तीच्या काउंटीत वर्षाला एक मृत्यू कमी-जास्त झाला तरी दर दुप्पट किंवा निम्मा दिसतो. अशा वेळी तीन-पाच वर्षांचे मृत्यू एकत्र घेतात आणि शेजारच्या काउंट्याही सोबत तपासतात. अमेरिकेची सरकारी आकडेवारी दहापेक्षा कमी मृत्यू असतील तर आकडा दाखवतच नाही आणि विसापेक्षा कमी असतील तर दर बेभरवशाचा असल्याची खूण करते.

तिसरी खोच कमी लोकांना माहीत असते. गुदाशयाच्या कर्करोगाने गेलेल्या बऱ्याच रुग्णांच्या मृत्युदाखल्यावर नुसते ‘कोलन कॅन्सर’, म्हणजे मोठ्या आतड्याचा कर्करोग, असे लिहिले जाते. नव्या रुग्णांची नोंद बायोप्सीच्या अहवालावरून होते, तिथे जागा नेमकी कळते. मृत्यूचा दाखला लिहिणारा डॉक्टर मात्र अनेकदा दुसराच असतो आणि त्याच्याजवळ तो तपशील नसतो. म्हणून मृत्युदर नेहमी दोन्ही मिळून पाहावा. फक्त गुदाशयाचा मृत्युदर मांडणारा तक्ता दिसला, तर तो जपूनच वापरायला हवा.

आता घट कशी झाली ते पाहू. स्त्रियांमधला मृत्युदर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासूनच उतरू लागला होता, पुरुषांमधला १९८० च्या सुमारास. म्हणजे स्त्रियांमधली सुरुवातीची घट लक्षणे नसलेल्यांच्या तपासणी मोहिमांच्या कितीतरी आधीची आहे. १९७५ ते २००० या काळात एकूण मृत्युदर २६ टक्क्यांनी खाली आला. त्यातला साधारण ५३ टक्के वाटा तपासणीचा, ३५ टक्के धूम्रपानासारख्या जोखमीच्या सवयींमधल्या बदलांचा आणि १२ टक्के सुधारलेल्या उपचारांचा, असे संगणकीय प्रारूपांवरून काढलेले गणित आहे. उपचारांचा वाटा इतका लहान पाहून अनेकांना नवल वाटते. पण १९९० पर्यंत शस्त्रक्रियेनंतर केमो देण्याची रीत सर्वमान्यही नव्हती. त्या वर्षी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने तिसऱ्या स्टेजच्या, म्हणजे आजार जवळच्या लसिका गाठींपर्यंत पोचलेल्या, रुग्णांसाठी तिची शिफारस केली आणि ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाची जोड त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००४ च्या सुमारास मिळाली.

तपासणीच्या बाजूने मात्र तीन दशकांत खूप काही घडले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून, म्हणजे मोठे आतडे आतून पाहण्याच्या लवचिक दुर्बिणीतून, तारेचा फास घालून पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ, जिच्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो) कापून काढायला सुरुवात केली. तोपर्यंत आतड्याच्या वरच्या भागातल्या पॉलिपसाठी पोट उघडावे लागे. याच काळात मलातले न दिसणारे रक्त शोधणारी कार्डे आली. १९९३ मध्ये मिनेसोटातल्या ४६,५५१ लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष निघाले: दरवर्षी ही कार्डे वापरणाऱ्या गटात १३ वर्षांत आतड्याच्या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाले. १९९८ पासून मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, अशा तपासणीचा खर्च उचलला आणि १ जुलै २००१ पासून सरसकट सर्वांसाठी कोलोनोस्कोपीचाही.

नकाशा उलटला तो इथे. नवी सोय आधी कुणाच्या दारी पोचली? ज्यांच्याकडे विमा होता, नेहमीचा डॉक्टर होता, जवळ मोठे रुग्णालय होते आणि सकाळची सुट्टी मागितली तर नोकरी जाणार नव्हती, त्यांच्या. हे सगळे बोस्टन, हार्टफर्ड, न्यूयॉर्कच्या पट्ट्यात एकवटलेले होते. धूम्रपानही सुशिक्षितांनी आधी सोडले. दक्षिणेत त्याच काळात लठ्ठपणा वाढला, शेतातली अंगमेहनत यंत्रांकडे गेली आणि गरिबी मात्र तशीच राहिली.

याचा काउंटीपातळीवरचा हिशेब अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या रिबेका सीगल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडला. त्यांना तीन ठळक जागा सापडल्या. सर्वांत वाईट अवस्था मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यातल्या ९४ काउंट्यांची. १९७०-७२ मध्ये तिथला मृत्युदर देशाच्या उरलेल्या भागापेक्षा १८ टक्क्यांनी कमी होता, २००९-११ मध्ये तो ४० टक्क्यांनी जास्त झाला. दुसरी जागा अॅपलाशियाच्या डोंगराळ भागातल्या १०७ काउंट्यांची, तिथे दर १८ टक्क्यांनी जास्त. तिसरी पूर्व व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या ३७ काउंट्यांची, तिथे ९ टक्क्यांनी. खोऱ्यातल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर १९७० ते १९९० दर वर्षी साडेतीन टक्क्यांनी चढत गेला आणि नंतर तिथेच अडकला. इतर अमेरिकेत तो उतरत असताना. मात्र खोऱ्यात राहण्याचा वाढीव धोका गोऱ्यांनाही जवळपास तेवढाच होता. त्यामुळे सगळे वंशावर ढकलणे चुकीचे ठरेल. अॅपलाशियाचा पट्टा तर बहुतांशी गोऱ्यांचाच आहे.

तपासणीची साखळी नेमकी कुठे तुटते ते पाहिले की भूगोलाचे कोडे बरेचसे सुटते. मलाची आधुनिक चाचणी घरी एकच नमुना घेऊन होते, पथ्यही लागत नाही. जुन्या कार्डांसाठी तीन वेगवेगळ्या वेळचे नमुने घ्यावे लागत आणि लाल मांस व क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागत. पण ही चाचणी दरवर्षी करावी लागते आणि ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे रक्त सापडले, तर पुढे कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे. नाहीतर पहिल्या चाचणीला काहीच अर्थ उरत नाही. दहा महिन्यांहून अधिक उशीर झाला, तर पुढच्या टप्प्यातला कर्करोग सापडण्याची शक्यता वाढते. कोलोनोस्कोपीला आदल्या संध्याकाळपासून जुलाबाचे औषध, पारंपरिक मात्रेत चार लिटर, घ्यावे लागते. ते अर्धे रात्री आणि अर्धे पहाटे घेतले तर आतडे अधिक स्वच्छ होते. सगळे आदल्या दिवशीच संपवले तर उजव्या बाजूला मळ राहतो आणि चपटे पॉलिप नजरेतून सुटतात. भूल दिलेली असते, म्हणून घरी न्यायला सोबत माणूस आणि गाडी लागते. पोटविकारतज्ज्ञ शंभर-दीडशे किलोमीटरवर असलेल्या गावातल्या रोजंदारीच्या माणसाचे यात दोन दिवस मोडतात. वर बिलाची भानगड होतीच. चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर केलेली कोलोनोस्कोपी ‘तपासणी’ नसून ‘निदान’ आहे, असे म्हणून विमा कंपन्या रुग्णाकडून पैसे घेत. खाजगी विम्यात ही पळवाट २०२२ मध्ये आणि मेडिकेअरमध्ये २०२३ मध्ये बंद झाली.

विम्याचा विस्तारही राज्याराज्यांत वेगळा झाला. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गरिबांसाठीचा मेडिकेड विमा वाढवायचा की नाही हे राज्यांवर सोपवले. केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया आणि आर्कान्साने २०१४ मध्ये तो वाढवला, लुइझियानाने २०१६ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनाने थेट डिसेंबर २०२३ मध्ये. मिसिसिपी आणि टेनेसीने अजून वाढवलेला नाही.

हे अटळ नव्हते, याचा सर्वांत भक्कम पुरावा डेलावेअर या छोट्या राज्यातून मिळाला. २००२ पासून राज्याने विमा नसलेल्यांच्या कोलोनोस्कोपीचा खर्च उचलला, रुग्णाला फोन करून तारीख ठरवण्यापासून प्रवासापर्यंत मदत करणाऱ्या परिचारिका नेमल्या आणि कर्करोग सापडला तर दोन वर्षांच्या उपचारांचीही हमी दिली. उपचारांची हमी हा त्यातला कळीचा भाग मानायला हवा. इलाज परवडणार नसेल तर तपासणीला यायचे कशाला, असे माणूस म्हणणारच. कृष्णवर्णीयांमध्ये तपासणी झालेल्यांचे प्रमाण २००२ मधल्या ४८ टक्क्यांवरून २००९ मध्ये ७४ टक्क्यांवर गेले, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीला आले. त्यांचा मृत्युदर ४२ टक्क्यांनी उतरला आणि दोन्ही गटांतली दरी जवळपास भरून निघाली. केंटकीतही १९९९ मध्ये जेमतेम एक तृतीयांश असलेले तपासणीचे प्रमाण २००८ पर्यंत ६४ टक्क्यांच्या आसपास गेले. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कायझर परमानेंटे या विमा आणि रुग्णालये एकत्र चालवणाऱ्या संस्थेने सभासदांच्या घरी टपालाने मलचाचणीचे संच धाडायला सुरुवात केली. तपासणीचे प्रमाण २००० मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ८३ टक्क्यांवर पोचले आणि सभासदांमधला मृत्युदर निम्म्यावर आला.

दरम्यान नकाशा पुन्हा हलू लागला आहे. पन्नाशीच्या आतल्यांचे मृत्यू २००० च्या दशकाच्या मध्यापासून वर्षाला सुमारे एक टक्क्याने वाढत आहेत. १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना, १९५० च्या आसपास जन्मलेल्यांच्या तुलनेत त्याच वयात कोलनच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आहे. पन्नाशीच्या आतल्या अमेरिकी पुरुषांमध्ये कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत हा आजार आता पहिल्या क्रमांकावर आला आहे. तरुण पुरुषांच्या अशा मृत्यूंच्या अभ्यासात २३२ काउंट्या धोक्याच्या निघाल्या आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक दक्षिणेतल्याच होत्या. २०२१ मध्ये तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले गेले, ते या वाढीमुळे.

भारतातला दर आजही कमी आहे. १९७० च्या मिसिसिपी खोऱ्याचाही होता. आपल्याकडे असा नकाशा काढण्यात मोठी अडचण दाखल्यांची आहे. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू सुमारे २२ टक्केच होते. गोव्यात हे प्रमाण जवळपास शंभर टक्के असते. म्हणून आपल्याला मृत्यूंपेक्षा नव्या रुग्णांच्या नोंदणीवर विसंबावे लागते: मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, बार्शीची १९८७ पासूनची आणि ती देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. मुंबईतला आतड्याच्या कर्करोगाचा दर बार्शीपेक्षा जास्त आहे, म्हणजे शहर वर आणि गाव खाली; अमेरिकेच्या जुन्या नकाशासारखेच.

सरकारच्या सार्वत्रिक तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग आहेत, आतडे नाही. त्यामुळे आपल्याकडे हा आजार लक्षणांवरूनच सापडतो, आणि शौचातून रक्त पडले की घरात पहिला शब्द निघतो तो मूळव्याधीचा. महिनोन्‌महिने मलम आणि चूर्ण चालते. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या अनेक गाठी डॉक्टरच्या हातमोज्यातल्या बोटाला लागतात. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसले, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली किंवा पुरुषाचे हिमोग्लोबिन कारण सापडल्याशिवाय घसरले, तर मूळव्याध दिसत असली तरी कोलोनोस्कोपी करून घ्यावी. मूळव्याध आणि कर्करोग एकाच रुग्णात एकाच वेळी असू शकतात.