न्यू हार्टली : खाणीला दुसरी वाट का लागते?

इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, नॉर्थम्बरलंड परगण्यात, समुद्राजवळ न्यू हार्टली नावाचं लहानसं गाव आहे. ते वसलं कोळशासाठी. परिसरात कोळसा त्याआधीच निघत होता. पण जुन्या खाणीत पाणी भरलं आणि १८४५ मध्ये ‘हेस्टर’ ही नवी खाण खोदायला घेतली. कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि गाव झालं.

या खाणीतही पाणी फार. उपसा करायला वाफेचं प्रचंड इंजिन बसवलं होतं. त्याची पंप हलवणारी बिडाची तुळई सुमारे ४२ टनांची, आणि तिचं एक टोक थेट खाणीच्या तोंडावर. खाली उतरायचा शाफ्ट, म्हणजे सुमारे ६०० फूट खोल उभी विहीर, मात्र एकच. मधोमध लाकडी पडदी घालून त्याचे दोन भाग केलेले. माणसं, कोळसा, पंपाचे नळ, ताजी हवा आणि हवा खेळती ठेवायला खाली पेटवलेल्या भट्टीचा धूर, सगळ्यांची ये-जा तिथूनच. दुसरा शाफ्ट खोदणं महाग पडतं, म्हणून त्या भागातल्या अनेक मालकांनी हीच काटकसर केली होती. ती कोणाच्या जिवावर होती, हे खाली उतरणाऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं.

१६ जानेवारी १८६२, गुरुवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास पाळी बदलत होती, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं खाली. पहिले आठ जण पिंजऱ्यातून वर येत असताना तुळई मधोमध तुटली आणि तिचा निम्मा भाग शाफ्टमध्ये कोसळला. पडदी आणि शाफ्टचं बांधकाम सोबत घेऊन तो मध्येच अडकला. पिंजऱ्यातले पाच जण गेले, तिघे वाचले. खाली १९९ माणसं आणि मुलं कोंडली गेली. काही मुलं जेमतेम दहा वर्षांची होती.

पंप बंद पडल्यावर कोळशाच्या खालच्या थरात पाणी चढू लागलं, तशी माणसं वरच्या थरात आली. पण तिथून पुढे वाट नव्हती. विल्यम कूलसन या अनुभवी शाफ्ट-खोदणाऱ्याच्या हाताखाली सहा दिवस मलबा उपसला गेला. ढिगाऱ्यातून विषारी वायू येत होता, वरून दगड सुटत होते, तरी माणसं आळीपाळीने उतरत राहिली. २२ जानेवारीला पलीकडे पोहोचता आलं, तेव्हा सगळे वायूने गुदमरून गेलेले होते. बाप आणि मुलं एकमेकांजवळ बसलेली सापडली.

जेम्स अमॉस या मुकादमाच्या खिशात एक वही मिळाली. त्याने शुक्रवारी दुपारची नोंद केली होती : कोण आजारी पडलं त्यांची नावं, आणि पावणेदोनला घेतलेली प्रार्थनासभा. अंधारात कोंडलेल्या माणसाने वेळ आणि नावं इतकी नीट टिपून ठेवावीत, हे वाचताना पोटात कालवतं. म्हणजे निदान त्या दुपारपर्यंत तरी ते जिवंत होते. दुसरा शाफ्ट असता तर त्यातून बाहेर पडले असते.

मृतांचा आकडा २०४. लहानशा गावात क्वचितच एखादं घर सुटलं असेल. शेजारच्या अर्सडनच्या चर्चमध्ये जागा पुरेना, म्हणून लगतच्या जमिनीत सामुदायिक कबर खोदावी लागली. महिन्याभरापूर्वीच नवरा गमावलेल्या व्हिक्टोरिया राणीने विधवांना सांत्वनाचा निरोप पाठवला, देशभरातून मदतनिधी जमला.

एका शाफ्टच्या धोक्याविषयी खाणकामगार आधीपासून बोलत होते. संसदेला मात्र आता जाग आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला : नव्या खाणीला बाहेर पडायच्या दोन स्वतंत्र वाटा हव्यातच, आणि जुन्या खाणींनीही ठरावीक मुदतीत दुसरी वाट काढायची. आज हे तत्त्व भारताच्या खाण नियमांतही आहे; चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या भूमिगत खाणींनाही ते लागू होतं.

हेस्टर खाण पुन्हा चालली नाही. काही वर्षांनी जवळच हेस्टिंग्ज खाण सुरू झाली आणि गाव पुन्हा कोळशावर जगू लागलं. तीही १९५९ मध्ये बंद पडली. हेस्टरच्या तोंडाभोवती आता स्मृतिउद्यान आहे, आणि अर्सडनच्या स्मारकस्तंभावर मृतांची नावं वयासह कोरलेली आहेत.