मेलॉर का वगळला? गादीच्या कोवळ्या वारसांची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्ज आर. आर. मार्टिन या बड्या कादंबरीकाराने स्वतःच्याच पुस्तकावर बेतलेल्या मालिकेविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. लेख लगेच काढूनही टाकला गेला, पण तोवर त्याच्या प्रती जगभर फिरल्या होत्या. तक्रार अशी, की ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या गादीच्या यादवीवरच्या फँटसी मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधून मेलॉर नावाचा २ वर्षांचा राजपुत्र गाळला. हे पोर धड बोलायच्याही वयाचं नाही. अशा पात्रासाठी लेखकाने एवढं का चिडावं, हे समजून घ्यायचं तर गादीच्या कोवळ्या वारसांचा इतिहास मागे जाऊन पाहावा लागतो. नाशिककरांना फार लांबही जायला नको. गंगापूर रोडपर्यंत गेलं तरी पुरे.

अभिमन्यूची कथा सांगत बसत नाही. आपल्याला बाहेर पडायचा मार्ग ठाऊक नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं आणि तरी धर्मराजाने त्याला व्यूहात धाडलं, एवढं आठवलं तरी चालेल. महाभारताचा खरा कडवटपणा त्याच्या पुढचा आहे. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडतो, अठराव्या दिवसानंतरच्या रात्री अश्वत्थामा द्रौपदीची पाचही मुलं झोपेत मारतो, आणि युद्ध जिंकलेल्या घराकडे वारस उरतो तो उत्तरेच्या पोटातला. त्या गर्भावरही अस्त्र सुटतं. कोणाचा वंश कुठवर चालू राहिला, हे महाकाव्य शेवटपर्यंत विसरत नाही.

युरोपातल्या दोन घटना या कथांच्या मुळाशी आहेत. ११२० साली ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज बुडालं आणि इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा विल्यम १७ व्या वर्षी गेला. पुढे हेन्रीची मुलगी मटिल्डा आणि भाचा स्टीफन यांच्यात गादीसाठी वर्षानुवर्षं यादवी चालली. ड्रॅगनांच्या या मालिकेचा सांगाडा तिथून आला आहे. दुसरी घटना १४८३ ची. पाचवा एडवर्ड १२ वर्षांचा, त्याचा भाऊ ९ वर्षांचा. दोघं लंडनच्या टॉवरमध्ये ठेवले गेले, काका गादीवर बसला आणि पोरं परत कोणाला दिसली नाहीत. १६७४ मध्ये तिथे काही हाडं सापडली, ती त्यांचीच म्हणून मानाने पुरली गेली. मधल्या काळात ‘मीच तो हरवलेला राजपुत्र’ म्हणणारा एकजण उभा राहिला, त्याला १४९९ मध्ये फाशी झाली. ‘काका’ आणि ‘तोतया’ हे दोन शब्द मराठी माणसाला इथे आपोआप आठवतात.

माझा ओढा पेशवाईकडे आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचे तीन मुलगे गादीच्या वाटेवर होते. थोरला विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडला, वय १८. नावाला मोहिमेचा प्रमुख तो, कारभार सगळा सदाशिवरावभाऊंच्या हाती. मधला माधवराव १६ व्या वर्षी पेशवा झाला आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेला, वय २७. धाकट्या नारायणरावाला ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी मारलं. त्याला १८ वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती. मग बारभाईंचं सगळं राजकारण एका गर्भाभोवती फिरलं. नारायणरावाच्या विधवा गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवलं, १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि ४० दिवसांचा असतानाच सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तोही २१ व्या वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, वाड्यातून खाली पडून गेला. तोल गेला की उडी मारली, यावर अजून एकमत नाही. पानिपतानंतर भाऊंचा तोतया उभा राहिला होता, हे वेगळं सांगायला नकोच.

यातलं नाशिक पुण्याच्या सावलीत झाकलं जातं. गोपिकाबाईंनी कारभारात हात घालणं माधवरावांना पटत नव्हतं. त्या पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या, आणि तिन्ही मुलं गेल्यावरची उरलेली वर्षं त्यांनी गोदाकाठीच काढली. पेशव्याची आई पंचवटीत माधुकरी मागत असे, अशी आठवण इथे परंपरेने सांगितली जाते. नातवाने कधी उठावं, कसं वागावं, कोणाशी किती बोलावं, याच्या सूचना देणारं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. १७८८ मध्ये त्या वारल्या, म्हणजे नातवाचा शेवट बघायची वेळ तेवढी आली नाही.

त्याच रस्त्यावर, शहराच्या अलीकडे, आनंदवल्ली आहे. राघोबादादांनी इथे वाडा बांधला, गावाला पत्नीचं नाव मिळालं आणि १७९४ मध्ये आनंदीबाई इथेच वारल्या. नवश्या गणपतीची आख्यायिकाही याच जोडप्याची, मुलगा व्हावा म्हणून केलेल्या नवसाची. एका गावात वारसासाठी नवस आणि थोड्याच अंतरावर तीन वारस गमावलेली आई. एवढं भौगोलिक नाट्य फँटसी लिहिणाऱ्यांनाही क्वचित साधतं. नारायणरावाच्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी राघोबांना दोषी धरलं. ‘ध’चा ‘मा’ सगळ्यांना पाठ आहे, तो सोडून देतो. फक्त एवढं नोंदवतो, की आनंदीबाईंवरचा ठपका बखरी आणि लोककथांनी जेवढा पक्का केला, तेवढा तो कागदपत्रांनी केलेला नाही. त्यांच्या नावाचं गाव ज्या शहरात आहे, त्यानेही तो उलटून पाहण्याची फारशी तसदी घेतलेली दिसत नाही.

मराठी लेखनात या मरणांची वाटणी मजेशीर झाली. १८६१ मध्ये ‘मुक्तामाला’ आली आणि तिच्या मागोमाग अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. कट, कैद, विषप्रयोग, अरण्य, सगळं होतं. पण संकटं कितीही आली तरी शेवट गोड. त्याच १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक छापून आलं आणि त्यात तरुण पेशवा रंगभूमीवर मरतो, रमाबाई सती जातात. पुढे १९०९ च्या ‘भाऊबंदकी’त नारायणरावाचा खूनच मध्यभागी आला. अद्भुतात वारस वाचायचा आणि इतिहासात मरायचा, असा जणू अलिखित करार होता. त्यामुळे आपल्या वाचकाला मेलेला राजपुत्र दिसला की तो इतिहास वाचू लागतो: पाठवलं कोणी, फायदा कोणाचा, मागे कोण उरलं. इंग्रजी फँटसी वाचणाऱ्या नाशिकच्या मंडळींत बसलं की हेच प्रश्न आधी येतात, ड्रॅगन किती मोठा होता हे नंतर.

इंग्रजी फँटसीत हा करार मोडायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या ज्या महाकथेने या प्रकाराला आकार दिला, तिच्यात इसिल्डुर राजाचे तीन थोरले मुलगे बापाबरोबर मारले जातात आणि रिव्हेंडेलमध्ये ठेवलेला धाकटा व्हॅलंडिल वाचतो. त्याच्याच वंशातून हजारो वर्षांनी राजा परत येतो. मरणं आहेत, पण ती दूर, वंशावळीच्या पानावर. १९९६ ला सुरू झालेल्या मार्टिनच्याच ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पुस्तकांनी ती पंगतीत आणून बसवली. २००० च्या तिसऱ्या खंडात तरुण राजा रॉब स्टार्क लग्नाच्या मेजवानीत मारला जातो. पुस्तकात तो अवघा १६ वर्षांचा आहे, पडद्यावर वय वाढवलं. त्याच खंडात दुसरा एक राजा, जॉफ्री, स्वतःच्या लग्नात विषाने जातो. त्याआधीच्या खंडात रॉबच्या धाकट्या भावांऐवजी, ब्रॅन आणि रिकनऐवजी, गिरणीवाल्याची पोरं मारून राजपुत्र म्हणून मिरवली जातात. २०११ च्या खंडात तर तान्हेपणीच मारला गेलेला एगॉन जिवंत असल्याचा दावा घेऊन एक तरुण येतो. खरा की तोतया, हे लेखकाने अजून सांगितलेलं नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेने हा तरुण पूर्ण गाळला होता. मेलॉर म्हणजे पहिलाच बळी, असं नाही.

आता मेलॉर. ‘फायर अँड ब्लड’ हे २०१८ चं पुस्तक कादंबरीपेक्षा बखरीसारखं रचलेलं आहे. निवेदक हा त्या जगातला इतिहासकार. तो एका धर्मगुरूचं, एका राजवैद्याचं आणि एका दरबारी विदूषकाचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवतो, कुठे कोणावर विश्वास ठेवावा हे कधी सांगतो, कधी सोडून देतो. भाऊसाहेबांची बखर आणि पत्रव्यवहार एकत्र वाचलेल्या माणसाला ही पद्धत नवी नाही. गादीसाठी रेनिरा आणि तिचा सावत्र भाऊ दुसरा एगॉन यांच्यात यादवी पेटते. रेनिराचा मुलगा लुसेरिस दूत म्हणून गेला असताना मारला जातो, आणि ‘मुलाबद्दल मुलगा’ म्हणून दोन मारेकरी राजवाड्यात शिरतात. दुसऱ्या एगॉनच्या राणीची, हेलेनाची, तीन मुलं समोर आहेत: ६ वर्षांची जुळी, जेहेरिस आणि जेहेरा, आणि २ वर्षांचा मेलॉर. कोणता मुलगा मारायचा ते आईने सांगायचं, नाहीतर मुलीचे हाल. ती स्वतःचा जीव देऊ करते, तो नाकारला जातो. शेवटी ती मेलॉरचं नाव घेते. तो फार लहान, त्याला कळणार नाही म्हणून, की जेहेरिस गादीचा वारस म्हणून, हे निवेदकही ठामपणे सांगत नाही. मारेकरी त्या पोराला ऐकवतात, की तुझ्या आईला तू मेलेला हवा आहेस. आणि मान उडवतात ती जेहेरिसची.

पुढचं सगळं याच क्षणातून निघतं. हेलेनाला वाचलेल्या मेलॉरकडे बघवत नाही. राजधानी पडते तेव्हा एक सरदार त्याला वेष बदलून बाहेर काढतो, बिटरब्रिजला ते पकडले जातात आणि जमावाच्या ओढाताणीत पोर मरतं. त्याच्या सूडापायी ते गाव जाळलं जातं. आणि हेलेना राजवाड्याच्या उंचीवरून खाली झेप घेते.

मालिकेत, जून २०२४ च्या भागात, हेलेनाला जुळी तेवढीच आहेत. मारेकरी आलेले असतात लुसेरिसच्या मृत्यूला कारण झालेल्या तिच्या दिराला, एमंडला, शोधत. तो सापडत नाही. झोपलेल्या दोन मुलांतला मुलगा कोणता, एवढंच ते विचारतात आणि ती बोट दाखवते. ओळख सांगणं आणि निवड करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पडद्यावर प्रसंग संयमाने केलाय, हे मान्य. खून आवाजातूनच कळतो, तेही योग्य. पण इथे आईने चुकीचं काही केलेलं नाही, त्यामुळे ती आयुष्यभर काय घेऊन जगणार, हे प्रेक्षकाला कळत नाही. गोपिकाबाईंच्या बाबतीत, थोरल्याला पानिपतावर धाडण्यात त्यांचाही आग्रह होता, असं जे सांगितलं जातं, त्यानेच त्यांची कथा नुसत्या दुःखाची राहत नाही.

मेलॉर गाळण्याची जी कारणं लेखकाच्या त्या लेखातून बाहेर आली, ती व्यावहारिक होती. २ वर्षांच्या मुलाला घेऊन चित्रीकरण करणं खर्चाचं, वेळखाऊ. बजेट आधीच ताणलेलं. यात खोटं काही नाही. एवढंसं पोर सांगितल्या वेळी रडत नाही आणि नको तेव्हा थांबत नाही, हे गल्लीतल्या गणेशोत्सवाचं नाटक बसवणाऱ्यालाही माहीत असतं. लेखकाने सुरुवातीला तोंडी विरोध करून मग माघार घेतली, कारण मेलॉर पुढच्या सीझनमध्ये येईल असा त्याचा समज होता. तो येणारच नाही हे नंतर कळलं. त्याचा मुद्दा खर्चाबद्दल नव्हताच. एक लहान पात्र काढलं की आईची निवड जाते, मग बिटरब्रिज जातं, मग राणीच्या झेपेमागचं कारण पातळ होतं, आणि या गळतीची किंमत पुढच्या सीझनांना मोजावी लागते. पुस्तकातल्या घटना जशाच्या तशा हव्यात, असा हट्ट धरणाऱ्या चाहत्यांनी त्याला उचलून धरलं. मालिकेच्या बाजूच्यांनी बोट ठेवलं ते पुस्तकाच्याच साक्षीदारांवर: जी बखर स्वतः अनिश्चित आहे, तिच्याशी प्रामाणिक राहायचं म्हणजे कोणत्या पाठाशी? हा युक्तिवाद लुसेरिसच्या बाबतीत पटतो. पुस्तकात एमंड त्याला ठरवून मारतो, मालिकेत ड्रॅगन हाताबाहेर जातो. दोन्ही पाठ कथेला पुढे नेतात. मेलॉर जन्मलाच नाही, असं मात्र तिघांपैकी एकही साक्षीदार म्हणत नाही.

हिशेबात अजून एक मूल बाकी आहे. जुळ्यांतली जेहेरा मालिकेत जिवंत आहे. पुस्तकात यादवी संपल्यावर दोन्ही घरं सांधायला तिचं लग्न रेनिराच्या वाचलेल्या मुलाशी, तिसऱ्या एगॉनशी, लावतात. १० वर्षांची असताना ती आई जिथून पडली त्याच ठिकाणाहून पडून मरते; तिने उडी मारली की कोणी ढकललं, हे निवेदक वाचकावर सोपवतो. सवाई माधवरावाबद्दलचा वाद ज्यांना माहीत आहे, त्यांना हा परिच्छेद दोनदा वाचावासा वाटेल. पण मालिका चार सीझनमध्ये संपणार असल्याचं जाहीर झालं आहे आणि जेहेराचा मृत्यू यादवीनंतरचा. तो पडद्यावर येण्याची शक्यता कमीच.