नवखा रॉक बँड (सुरुवात आणि सांगीतिक वाढ)

नवखा रॉक बँड म्हणजे एकाच शाळेतल्या, कॉलेजातल्या नाहीतर एकाच वस्तीतल्या तीन-चार-पाच जणांनी उभा केलेला आणि स्वतःचा साउंड अजून न सापडलेला ग्रुप. रचना साधारण ठरलेली असते, एक किंवा दोन इलेक्ट्रिक गिटार, एक बास (खालच्या सुरांची गिटार), एक ड्रम सेट आणि गाणारा एक जण, जो बऱ्याचदा गिटारही वाजवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आधी वाजवता येतं आणि मग बँड होतो, पण कितीतरी वेळा उलटंच असतं, आधी बँड होतो, नावावरून वाद होतात, कोण काय वाजवणार ते ठरतं आणि मग शिकणं सुरू होतं.

कोण काय वाजवणार

शाळेतच बँड उभा राहण्याची दोन उदाहरणं नेहमी दिली जातात. १९७६ साली डब्लिनमधल्या माउंट टेंपल शाळेत लॅरी मुलन नावाच्या १४ वर्षांच्या ड्रमरने नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली की बँडसाठी पोरं हवीत, जी आली त्यांची पहिली प्रॅक्टिस त्याच्या घरच्या किचनमध्ये झाली, आणि फीडबॅक, मग द हाइप अशी नावं बदलत १९७८ मध्ये ते यूटू झाले. दुसरं रेडिओहेडचं. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन शाळेतली ही पाच पोरं १९८५ पासून शुक्रवारी शाळेच्या म्युझिक रूममध्ये जमायची म्हणून बँडचं नावच 'ऑन अ फ्रायडे', ते १९९१ मध्ये रेकॉर्ड कंपनीशी करार होईपर्यंत टिकलं आणि मग बदललं.

वाद्यांची वाटणी मात्र फारशी आवडीनिवडीने होत नाही. गिटार सगळ्यांनाच हवी असते, म्हणून जो शेवटी उरतो त्याच्या गळ्यात बास नाहीतर ड्रम्स पडतात. आर्क्टिक मंकीजच्या दोघांना २००१ च्या ख्रिसमसला गिटार मिळाल्या होत्या, त्यामुळे मॅट हेल्डर्सच्या वाट्याला ड्रम्स आले, आणि आज त्या बँडची गाणी ओळखली जातात ती निम्मी त्याच्या ड्रमिंगवरून. बीटल्समध्येही पॉल मॅकार्टनी आधी गिटार वाजवायचा, १९६१ मध्ये स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला तेव्हा बास त्याच्याकडे आला. रॉकमधले बरेच चांगले बासिस्ट असे नाइलाजाने घडलेत, हे जरा गमतीशीर आहे पण खरं आहे.

कव्हर्सचा काळ

सुरुवातीला सगळे दुसऱ्यांचीच गाणी, म्हणजे कव्हर्स, वाजवतात, त्यात कमीपणा काही नाही, कारण गाणं कसं बांधलेलं असतं ते कानाला आणि हाताला तिथेच कळतं, व्हर्स (कडवं) कुठे संपतो, कोरसला (ध्रुवपदाला) जाताना ड्रमर नेमकं काय करतो, गाण्याच्या मधोमध सूर का बदलतो वगैरे. लिव्हरपूलमध्ये १९५६ मध्ये जॉन लेननने सुरू केलेला क्वॉरीमेन हा स्किफल (साध्या, घरगुती वाद्यांवरचं संगीत) ग्रुप होता, स्वस्तातली गिटार, कपडे घासायच्या पाट्यावर ताल आणि चहाच्या खोक्याला दांडा-दोरी बांधून केलेला बास, एवढ्यावर काम भागायचं. ६ जुलै १९५७ ला चर्चच्या जत्रेत लेनन आणि मॅकार्टनी भेटले ते याच ग्रुपच्या कार्यक्रमाच्या दिवशी.

पण पुढे बीटल्स झालेल्या या पोरांची खरी जडणघडण जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये झाली. ऑगस्ट १९६० पासून तिथल्या इंद्रा आणि नंतर कायझरकेलर या क्लबांत रात्री चार-साडेचार तास, वीकेंडला त्याहून जास्त वाजवायचं, समोर दारू प्यायला आलेली माणसं, त्यांना थांबवून ठेवायचं तर एवढ्या वेळाला पुरतील एवढी गाणी हवीत, म्हणून एकच गाणं लांबवायचं, जुनं काहीतरी उकरून काढायचं, आवाज चढवायचा, स्टेजवर उड्या मारायच्या. नोव्हेंबरमध्ये जॉर्ज हॅरिसन अल्पवयीन आहे म्हणून त्याला परत पाठवलं गेलं, तरी १९६२ पर्यंत त्यांच्या हॅम्बुर्गच्या एकूण पाच फेऱ्या झाल्या. परत आले तेव्हा लिव्हरपूलच्या लोकांना हा वेगळाच बँड वाटला. घरी बसून एकट्याने केलेल्या रियाजाने हे होत नाही, एकमेकांच्या चुका चालू गाण्यात सावरायची सवय फक्त लोकांसमोर एकत्र वाजवूनच लागते.

बँड 'टाइट' होणं

टाइट म्हणजे सगळे एका ठोक्यावर, एकसंध वाजणं. प्रॅक्टिस रूममध्ये पहिला प्रॉब्लेम आवाजाचा. ड्रम्सचा आवाज कमी होत नाही, म्हणून गिटारवाला अँपचा (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या बॉक्सचा) आवाज वाढवतो, मग गाणाऱ्याला स्वतःचंच ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो, आणि तासाभरात सगळ्यांचे कान बधिर. दुसरा प्रॉब्लेम टेम्पोचा, म्हणजे वेगाचा, नवखा ड्रमर कोरस आला की हमखास पळतो आणि बाकीचे त्याच्यामागे. यावर उपाय म्हणजे गिटार बंद ठेवून फक्त बास आणि ड्रम्सने अख्खं गाणं वाजवायचं, बासचा सूर आणि किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका एकाच क्षणी पडायला लागला की वर गिटार थोडी इकडेतिकडे झाली तरी गाणं सांडत नाही. ही प्रॅक्टिस कंटाळवाणी असते आणि बहुतेक नवे बँड ती टाळतात, आणि ते स्टेजवर लगेच कळतं.

स्वतःचा साउंड

हा ठरवून आणता येत नाही. बऱ्याचदा तो जे जमत नाही त्यातून येतो. यूटूला दुसऱ्यांची गाणी धड वाजवता येत नव्हती म्हणून ते लवकर स्वतःची लिहायला लागले, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. सगळ्यात टोकाचं उदाहरण बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी या गिटारिस्टचं, १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे गिटार खालच्या सुरात लावली म्हणजे तारा सैल होतात, आणि त्या सगळ्यातून जो जड, काळपट आवाज निघाला त्यावर त्याचा बँड ब्लॅक सॅबथ आणि पर्यायाने हेवी मेटल उभं राहिलं.

ओरिजिनल गाणी बहुधा दोन वाटांनी येतात, एकतर कोणीतरी घरून चाल आणि शब्द घेऊन येतो, नाहीतर जॅमिंग करताना (काही न ठरवता एकत्र वाजवताना) एखादा रिफ (परत परत येणारा सुरांचा छोटा तुकडा) सापडतो आणि त्याच्याभोवती सगळे काहीतरी रचतात. दुसऱ्या वाटेत एक गोची आहे, गाणं नक्की कोणाचं? क्वीनमध्ये बरीच वर्षं लिहिणाऱ्याचंच नाव लागायचं, १९८९ च्या अल्बमपासून सगळी गाणी बँडच्या नावावर लावायचं ठरलं. ब्लॅक सॅबथ मात्र पहिल्यापासूनच चौघांचं नाव लावायचे. रॉयल्टी (गाण्याच्या वापराचे पैसे) या नावावर मिळते, त्यामुळे हे सुरुवातीलाच बोलून घेतलेलं बरं, पण १७ वर्षांची पोरं ते बोलत नाहीत.

रेकॉर्डिंग आणि पुढे

पहिलं रेकॉर्डिंग म्हणजे बहुतेकांसाठी डेमो, तीन-चार गाणी, कमी पैशात, कमी वेळात. कमी वेळ नेहमी वाईट असतोच असं नाही, ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९६९ मध्ये जवळपास एका दिवसात रेकॉर्ड झाला, कारण गाणी स्टेजवर वाजवून आधीच पक्की होती. शेफील्डचे आर्क्टिक मंकीज आपल्या डेमोच्या सीडी गिगला (कार्यक्रमाला) आलेल्यांना फुकट वाटायचे, लोकांनी त्या इंटरनेटवर टाकल्या, आणि जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या ३,६३,७३५ प्रती खपल्या. त्याच वर्षी त्यांचा बासिस्ट अँडी निकोल्सन बँडमधून बाहेर पडला.