पुरोहित शिकणार कुठं? कोल्हापूरच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

देवळात पुजारी कोण असावा, या विषयावर बोलायला कोल्हापूरकराला निमंत्रण लागत नाही. अंबाबाईच्या मंदिरात वंशपरंपरेऐवजी पगारी पुजारी नेमण्याचा कायदा 2018 मध्ये विधिमंडळानं मंजूर केला, तेव्हा गावात दुसरा विषयच नव्हता. हक्क कुणाचा, उत्पन्न कुणाचं, जात कोणती, सगळं बोलून झालं. नवा माणूस नेमला तर तो ही विद्या शिकणार कुठं, एवढंच फारसं कुणी विचारलं नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र या गावानं तो प्रश्न चांगलाच मनावर घेतला होता. त्यासाठी शाळा काढल्या होत्या, आणि त्याही एकमेकींच्या तोंडाला तोंड देणाऱ्या.

सुरुवात वेदोक्ताच्या वादापासूनच करावी लागते. 1899 च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले होते. पुरोहित वेदोक्त, म्हणजे वेदांतल्या, मंत्रांऐवजी पुराणोक्त म्हणतोय, हे बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. पुराणोक्त म्हणजे शूद्रांसाठीचा विधी. पुढचं इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं: वेदोक्त विधी करायला राजोपाध्यांचा, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचा, नकार, 1902 मध्ये त्यांची जप्त झालेली इनामं, ‘केसरी’तला विरोध, इंग्रज सरकारपर्यंत गेलेली अपिलं. त्यात पुन्हा शिरत नाही. मला त्यातली एकच गोष्ट इथं हवी आहे. महाराजांचा हक्क मान्य झाला, तरी मंत्र म्हणायला माणूस ब्राह्मणच शोधावा लागत होता. इनाम जप्त करता येतं, पाठांतर कसं जप्त करणार?

कारण ही विद्या कागदावर नव्हतीच. मुंज झालेला मुलगा गुरूच्या घरी जायचा, रोज संथा, म्हणजे तोंडी धडा, घ्यायचा, घोकायचा. आधी संहिता, मग पद, क्रम, आणि दम असेल तर जटा नि घन, अशा पाठाच्या एकाहून एक अवघड पद्धती. दशग्रंथी व्हायला दहा-बारा वर्षं सहज जायची. लोक ‘भटजी’ म्हणून सगळ्यांना एकाच मापानं मोजतात, पण वेद पाठ असलेला वैदिक वेगळा आणि लग्न-मुंज-श्राद्ध चालवणारा याज्ञिक वेगळा. याज्ञिकी तर निव्वळ बरोबर फिरून शिकायची विद्या. समिधा कधी टाकायच्या, यजमानाला केव्हा उठवायचं, दक्षिणेवरून कुरबुर झाली तर काय बोलायचं, हे सगळं त्यात आलं. बाहेरच्या मुलाला या घरांत प्रवेश नव्हता. म्हणून पुरोहित बदलायचा तर आधी शाळा हवी, हे गणित महाराजांच्या भोवतीच्या मंडळींना उमगलं.

पहिलं उत्तर सत्यशोधकांनी दिलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला, त्याच वर्षी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावायलाही सुरुवात केली. पुढं 1887 मध्ये त्यांनी मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका काढली. कोल्हापुरात समाजाची शाखा 1911 मध्ये भास्करराव जाधवांच्या पुढाकारानं उभी राहिली आणि 1913 मध्ये इथं पुरोहित तयार करणारी सत्यशोधक शाळा निघाली. भास्कररावांचं ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तक याच गरजेतून आलेलं. नावातच सगळं आलं: भट बोलवायची गरज नाही, घरातल्या शहाण्या माणसानं पुस्तक उघडावं आणि विधी उरकावा.

इथं एक गमतीची अडचण होती. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, असं सांगणारी ही चळवळ. आणि तिलाच पुरोहितांची शाळा काढावी लागली! पण खेड्यातलं लग्न डोळ्यांपुढं आणा. अंतरपाट धरलाय, वाजंत्री थांबायला तयार नाही, मामा नवरीला घेऊन अजून आतच आहे, मांडवात पाचशे माणसं अक्षता मुठीत धरून उभी. अशा वेळी खणखणीत आवाजात ‘सावधान’ म्हणणारा कुणीतरी लागतोच. सत्यशोधकांना तो हवा होता मराठी बोलणारा, ज्याचं बोलणं नवरा-नवरीला कळेल असा, आणि जातीच्या जोरावर दक्षिणा न उकळणारा. शिक्षण थोडक्यात, भाषा मायबोली. मला हे उत्तर आजही जास्त सरळ वाटतं.

त्याच सुमाराला बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तिसराच रस्ता धरला होता. त्यांनी 1915 मध्ये हिंदू पुरोहित कायदा केला. पौरोहित्य करायचं तर परीक्षा द्या, परवाना घ्या. डॉक्टर-वकिलाला लावतात तो न्याय भटजीला! कोल्हापूरनं हा रस्ता घेतला नाही. इथं 1920 मध्ये महाराजांनी श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढलं. त्यात मराठा मुलांना वेदोक्त विधी शिकवायचे आणि त्यांनी मराठ्यांची धर्मकृत्यं चालवायची, असा बेत. म्हणजे सत्यशोधक शाळा संस्कृत टाळू पाहत होती, तर ही संस्कृत हातात घेऊ पाहत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराज एक पाऊल पुढं गेले. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव आज मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण तिथला मौनी महाराजांचा मठ शिवकाळापासून छत्रपतींच्या आदराचं ठिकाण. त्या मठाच्या गादीवर महाराजांनी बेनाडीच्या सदाशिवराव पाटलांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे धर्मगुरू, म्हणून बसवलं. करवीरच्या पीठावर डॉ. कुर्तकोटी शंकराचार्य म्हणून येऊनही जे साधलं नव्हतं, ते आता स्वतंत्र पीठातून साधायचं होतं. मराठ्यांचा स्वतःचा धर्मगुरू, आणि खाली त्यांच्या विद्यालयात शिकलेले स्वतःचे पुरोहित. कागदावर रचना पक्की होती. पण अनेक सत्यशोधकांना हे रुचलं नाही. एक जगद्गुरू नको म्हणून झगडलो आणि दुसरा आणून बसवला, अशी त्यांची तक्रार. ती खोटी म्हणता येत नाही. मात्र महाराजांची बाजूही समजून घ्यायला हवी. माणसं विधी सोडत नाहीत, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. विधी राहणारच असतील, तर ते सांगणारा आपला हवा. अवघ्या दीड वर्षात, 6 मे 1922 रोजी, महाराज गेले आणि मागं ही घडी बसवणारा त्या तोलाचा माणूस उरला नाही.

या सगळ्याच्या खूप आधी, गावात धर्मसेवेच्या शिक्षणाचा आणखी एक प्रवाह येऊन ठेपला होता. अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 च्या डिसेंबरात कोल्हापुरात आले. आधी शाळा की आधी उपदेश, यावरून मायदेशातल्या संस्थेशी त्यांचं बिनसलं. काही वर्षं त्यांनी स्वतंत्रपणे काम रेटलं आणि 1870 मध्ये ते प्रेसबिटेरियन मिशनला जोडले गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. अमेरिकेत 1886 मध्ये माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनसेवेची तयारी दाखवली, त्यामागं हाच रॉबर्ट होता. तिथून उभी राहिलेली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ हजारो तरुणांना जगभर घेऊन गेली. तिचं मूळ कोल्हापूरच्या एका घरात सापडतं, हे इथं फार कमी जणांना माहीत आहे.

मराठी चर्चमध्ये ज्याला पाळक म्हणतात त्याचं काम पुरोहितापेक्षा वेगळं. रविवारचा संदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे आहेच, पण आजाऱ्याच्या खाटेशी बसणं, नवरा-बायकोचं भांडण ऐकणं, मयताच्या घरी रात्र काढणं हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग. पूर्वी खेड्यातला मास्तरच उपदेशक असायचा, सकाळी बाराखडी आणि संध्याकाळी प्रार्थना. आता मुलं बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीसाठी पुण्याला जातात. यवतमाळचं युनियन बिब्लिकल सेमिनरीही 1983 पासून पुण्यातच आहे. अशा अनेक सेमिनरींच्या पदव्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या आणि पदव्या देण्याची त्याची सनद डेन्मार्कच्या राजानं 1827 मध्ये दिलेली. कोल्हापूरच्या पाळकाच्या भिंतीवरची पदवी असा वळसा घालून आलेली असते.

बाकीच्यांचं थोडक्यात. कीर्तनकार व्हायचं असेल तर जिल्ह्यातली पोरं आळंदीला जातात. तिथली वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी 1917 मध्ये, म्हणजे याच धामधुमीच्या काळात, स्थापली. लिंगायत मठांचे स्वामी घडवणारं शिवयोगमंदिर 1909 पासून बदामीजवळ आहे. जैनांत देवळातली पूजा उपाध्ये घराण्यांकडे, आणि लक्ष्मीसेन मठाच्या भट्टारकांचा, म्हणजे मठाधिपतींचा, मान वेगळा. राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये अशाच घरातले. घरची पोथी त्यांनी देवळाबाहेर काढून जगभरच्या अभ्यासकांपुढं ठेवली.

आता पुन्हा अंबाबाईकडं. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे हक्क सर्वोच्च न्यायालयात 2014 मध्ये संपले आणि मंदिर समितीनं सर्व जातींतून, बायकांमधूनही, पुजारी मागवले. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीनं जातीची आणि बाई-पुरुषाची अट न ठेवता पौरोहित्य शिकवून दाखवलं आहे. म्हणजे मंत्र शिकवता येतात, याला आता पुराव्याची गरज नाही. पण अंबाबाईची पूजा म्हणजे नुसते मंत्र नव्हेत. पहाटेच्या काकड्यापासून शेजारतीपर्यंतचा क्रम, झिजलेल्या मूर्तीला कुठं हात लावायचा आणि कुठं नाही, महावस्त्राच्या निऱ्या, दागिना कोणत्या सणाला कोणता, नवरात्रात रोज वेगळ्या रूपात बांधायची पूजा. श्रीपूजकांच्या, म्हणजे वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या, घरातली पोरं हे बापाच्या, चुलत्याच्या मागं उभं राहून उचलतात. कायद्यात नेमणूक आहे, पगार आहे. या उभं राहून शिकण्याच्या वर्षांसाठी मात्र कुणालातरी पुन्हा एकदा शाळाच काढावी लागेल, आणि तिथं शिकवायला बोलवावं लागेल बहुधा त्याच घरांतल्या एखाद्या म्हाताऱ्याला.